सुट्टी संपली, मग वर्गात पुन्हा मागचेच का?

पत्राचा सारांश: एका आईने लिहिले आहे. त्यांची मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. हिवाळ्याची दोन आठवड्यांची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्या आठवड्यात वर्गशिक्षिकांनी पालकांना येत्या काही आठवड्यांत काय शिकवले जाणार याचे टिपण पाठवले. गणितात स्थानिक किंमत आणि हातच्याच्या वजाबाकीची उजळणी, त्यानंतर गुणाकाराकडून भागाकाराकडे. भाषेत माहितीपर उताऱ्यांचे वाचन आणि आपले मत मांडणारा परिच्छेद. विज्ञानात सावली आणि ऋतू. आणि या सर्वांच्या आधी 'वर्गातील सवयी पुन्हा बसवणे', असे त्यात होते. यातील निम्मा भाग सुट्टीपूर्वीच शिकवून झालेला असल्याने शाळा वेळ वाया घालवत आहे, असे त्यांना वाटते. दुसरीकडे, मुलीला सुट्टीपूर्वी येत असलेली वजाबाकी आता चुकते आहे, याचीही त्यांना काळजी आहे. नात्यातील एक मुलगी दुसऱ्या शाळेत तिसरीतच आहे आणि तिचा भागाकार कधीच संपला आहे. 'सुट्टीत अभ्यास घेतला नाही ही आमची चूक झाली का, आता शिकवणी लावावी का, की घरीच पुढचे धडे शिकवून तिला पुढे न्यावे', असे त्यांनी विचारले आहे.

स.न.

तुमच्या पत्रासोबत मुलीच्या वहीतील एका पानाची प्रत आहे, हे फार चांगले झाले. तुम्ही ते पान ती मागे पडल्याचा पुरावा म्हणून पाठवले आहे; मला मात्र तुमच्या निम्म्या प्रश्नांचे उत्तर त्यातच दिसते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गणित असे आहे: ४०२ मधून १७८ वजा करा. मुलीचे उत्तर ३७६ आले आहे आणि बरोबर उत्तर २२४ आहे. तुम्ही शेजारी लिहिले आहे, 'सगळेच विसरली'. पण ३७६ हा आकडा आला कसा, हे जरा पाहा. एककाच्या घरात तिने २ आणि ८ पाहिले व मोठ्यातून लहान वजा करून ६ लिहिले. दशकात ० आणि ७ होते, तिथे ७ लिहिले. शतकात ४ मधून १ काढून ३ लिहिले. म्हणजे उत्तर अंदाजपंचे लिहिलेले नाही. तिने एक नियम पाळला आहे, तो तिन्ही घरांत सारखाच पाळला आहे आणि त्यातील प्रत्येक लहान वजाबाकी अचूक केली आहे. चुकला आहे तो नियम. वरच्या संख्येतून खालची संख्या वजा करायची, हे ती प्रत्येक घरापुरते विसरली, कारण दशकाच्या घरात शून्य होते आणि तिथून हातचा घ्यायला काहीच नव्हते. ही चूक जगभरातील शिक्षकांच्या ओळखीची आहे आणि ती बहुतेक वेळा अशा शून्यापाशीच उघडी पडते.

आता सुट्टीपूर्वीची गणिते आठवा. तुम्हीच लिहिले आहे की तेव्हा ती ५२ वजा २७ किंवा ३६४ वजा १२८ अशी गणिते न चुकता करत असे. तिथे शेजारच्या घरात दशक होता; तो सुटा केला की काम होत असे. ४०२ मध्ये मात्र आधी एक शतक सुटे करून दहा दशक करावे लागतात, त्यातील एक दशक सुटे करून दहा एकक करावे लागतात, आणि तेव्हा कुठे ३ शतक, ९ दशक, १२ एकक अशी मांडणी मिळून वजाबाकी सुरू होते. टिपणात याला 'उजळणी' म्हटले असले तरी मुलीसमोर असलेला प्रश्न नवा आहे, आणि तो सुट्टीपूर्वीच्या प्रश्नापेक्षा एक पायरी वरचा आहे. स्थानिक किंमत पुन्हा घेण्याचे कारणही हेच असणार, असे मला वाटते. कारण ४०२ म्हणजे ४० दशक आणि २ एकक हे ज्या मुलाला खरोखर कळले आहे, त्याला ४० मधून एक दशक काढून ३९ दशक आणि १२ एकक करणे अवघड जात नाही.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत आणि त्या इतक्या स्वाभाविक आहेत की बहुतेक पालकांच्या मनात त्या असतात. धड्याचे नाव तेच असेल तर शिकणेही तेच असते, ही पहिली. तिच्याविषयी वर लिहिलेच आहे. प्राथमिक वर्गांत तोच विषय दरवेळी थोडा खोल नेत पुन्हा पुन्हा भेटीला आणायचा असतो, हा विचार जेरोम ब्रुनर या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये स्पष्टपणे मांडला आणि आजच्या अनेक अभ्यासक्रमांची रचना त्यावर उभी आहे. जे विसरले ते गेले, ही दुसरी. आणि ज्या शाळेचा भाग पुढे गेला आहे तिथले मूलही तितकेच पुढे आहे, ही तिसरी.

विसरण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातील अपराधीपणाची भावना तिथून आली आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक काळाने ते किती उरले हे मोजायचे, असे ते प्रयोग होते. विसरणे सुरुवातीला वेगाने होते आणि मग मंदावते, हा त्यातील निष्कर्ष सर्वांना माहीत असतो. त्याने मोजले काय, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. तेच अक्षरगट पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, हे तो मोजत होता. आठवत नसलेली गोष्टही दुसऱ्यांदा लवकर येते, म्हणजे तिचा काही ठसा मागे राहिलेला असतो. तुमच्या मुलीला वजाबाकी पहिल्यांदा शिकायला जेवढे दिवस लागले, त्याच्या अंशमात्र वेळात ती परत येईल. तुम्ही वहीची पुढची दोन-चार पाने पाहिलीत तर कदाचित ती परत येतानाही दिसेल.

मोठ्या सुट्ट्यांचा मुलांवर काय परिणाम होतो, यावर बराच अभ्यास झालेला आहे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतील अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीत मुलांची चाचण्यांमधील कामगिरी सरासरी सुमारे एका महिन्याच्या शिक्षणाइतकी घसरते, असे दिसले. घसरण सर्वांत जास्त होती ती आकडेमोडीत आणि शुद्धलेखनात, म्हणजे ज्या गोष्टी सरावावर टिकतात त्यांत. तो आढावा कित्येक आठवड्यांच्या सुट्टीविषयी आहे, दोन आठवड्यांच्या नव्हे, त्यामुळे त्याचे आकडे हिवाळ्याच्या सुट्टीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण आधी काय निसटते, हे त्यावरून समजते. हातच्याची पायरी निसटली असेल, एखाद्या शब्दाचे लेखन चुकत असेल, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सुट्टीत अभ्यास घेतला नाही म्हणून तुमच्या हातून काही बिघडलेले नाही.

उलट, थोडेसे विसरून झाल्यावर पुन्हा आठवणे याचा शिकण्याला मोठा उपयोग होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत बाजी मारली, पण आठवड्यानंतरच्या चाचणीत ज्यांनी उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिला होता ते पुढे गेले. ते विद्यार्थी मोठे होते, हे खरे. तरीही आठवण्याचा प्रयत्न स्वतःच स्मरण पक्के करतो, हे लहान मुलांबाबतही वर्गात उपयोगी ठरते. म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या आठवड्यात चांगले शिक्षक फळ्यावर रीत पुन्हा लिहून देण्याची घाई करत नाहीत. ते आधी विचारतात, 'आपण हे कसे करत होतो, कोण सांगेल?' त्यानंतरची शांतता, चुकीची उत्तरे, एकमेकांना दुरुस्त करणे, यात वेळ जातो आणि बाहेरून पाहणाऱ्याला वर्ग रेंगाळल्यासारखा वाटतो. तुमच्या मुलीच्या वर्गात असेच होत असेल तर शिक्षिकांचे काम योग्य दिशेने चालले आहे, असे मी नि:संकोचपणे म्हणेन.

वर्गातील सवयी पुन्हा बसवण्यावर तुमचा विशेष रोष दिसतो. रांग लावणे, साहित्य जागेवर ठेवणे, दुसरा बोलत असताना ऐकणे, गटात काम वाटून घेणे, यांवर आठवड्यातील काही तास जातात, हे खरे आहे. ते गेले नाहीत तर पुढचे प्रत्येक तास दहा-दहा मिनिटांनी लहान होतात. यावर अधिक लिहीत नाही.

आता टिपणातील पुढच्या भागाकडे वळू, कारण तिसरीच्या दुसऱ्या सत्रातील सर्वांत महत्त्वाचे वळण तिथे आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत येतो. गुणाकाराकडून भागाकाराकडे जाणे म्हणजे नवी रीत शिकणे एवढेच नसते. बारा पेन्सिली तीन मुलांना सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला किती मिळतील, हा एक प्रश्न. आणि बारा पेन्सिलींचे तीन-तीनचे गट केले तर किती गट होतील, हा दुसरा. दोन्हींचे उत्तर ४ आहे आणि दोन्ही १२ भागिले ३ असेच लिहिले जातात, पण हाताने करताना त्या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिल्यात गटांची संख्या ठाऊक असते आणि गटाचा आकार शोधायचा असतो. दुसऱ्यात नेमके उलट. ज्या मुलाने दोन्ही कृती पुरेशा वेळा केल्या आहेत, त्याला शाब्दिक उदाहरण वाचून चित्र डोळ्यांसमोर आणता येते. ज्याने थेट भागाकाराची मांडणी गिरवली, ते मूल 'यात गुणू की भागू' असे विचारत बसते, आणि हा प्रश्न पाचवीपर्यंत त्याचा पिच्छा सोडत नाही.

पाढ्यांचेही तसेच आहे. ते पाठ असायलाच हवेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मोठा भागाकार करताना सहा साते किती याचा विचार करण्यात डोके अडकले तर मूल रीतच हरवून बसते. पण पाठांतराचे ओझे दिसते तेवढे मोठे नाही, हे मुलांना दाखवता येते. एक ते दहाच्या पाढ्यांत १०० गुणाकार असतात. ३ गुणिले ७ आणि ७ गुणिले ३ एकच, हे समजले की त्यातील वेगळे असे ५५ च उरतात. त्यातून १, २, ५ आणि १० चे सोपे गुणाकार वगळले तर उरतात फक्त २१. वर्गात हातात चौकटीचा कागद देऊन ही छाटणी मुलांकडूनच करून घेतली तर त्यात क्रमनिरपेक्षता शिकून होते आणि शेवटी उरलेल्या २१ घरांकडे पाहून मुलांचा धीर वाढतो. घरी रोज यातील चार-पाचच विचारा, उलटसुलट क्रमाने, आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच विचारा. एका बैठकीत अर्धा तास घोकून घेण्यापेक्षा हे अधिक काळ टिकते.

अनेक अभ्यासक्रमांत यानंतर तिसरीत अपूर्णांक येतात, आणि तुमच्या मुलीच्या वर्गातही लवकरच येतील, म्हणून आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असे विचारले की पुष्कळ मुले 'एक चतुर्थांश' म्हणतात, कारण तीनपेक्षा चार मोठे हे त्यांनी आतापर्यंत इमानाने शिकलेले असते. त्यावर ओरडण्यात अर्थ नाही. सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या घ्या, घड्या घालून एकीचे तीन सारखे भाग करायला सांगा आणि दुसरीचे चार. तीन सारखे भाग करणे लहान हातांना अवघड जाते, दोन-तीनदा पट्टी वाकडी दुमडली जाते, आणि त्या धडपडीत 'सारखे भाग' या दोन शब्दांचे महत्त्व कळते. मग एक-एक भाग शेजारी ठेवायला सांगून गप्प बसा. बोलायचे ते तिला बोलू द्या.

भाषेच्या बाबतीत तुम्ही लिहिता की मुलगी अस्खलित वाचते, मग तिला 'सोपे माहितीपर उतारे' का दिले जातात. पहिली-दुसरीत मुलाची सारी शक्ती अक्षरांतून शब्द उभा करण्यात जाते. तिसरीच्या आसपास ते काम सहज होऊ लागते आणि वाचून काही नवे जाणून घेणे, हा वाचनाचा दुसरा अर्धा भाग समोर येतो. इथे अस्खलितपणा फसवा ठरू शकतो, कारण न अडखळता वाचलेले समजलेच असे नसते. वाचनाच्या आकलनात त्या विषयाच्या आधीच्या माहितीचा वाटा किती मोठा असतो, हे डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ मधील अभ्यासात दिसले. माध्यमिक वर्गातील मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले, तेव्हा वाचनात कच्ची समजली जाणारी पण तो खेळ चांगला जाणणारी मुले, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा तो उतारा अधिक चांगला समजू शकली. प्राण्यांवर, हवामानावर, यंत्रांवर, माणसाच्या शरीरावर वाचलेला प्रत्येक उतारा पुढच्या उताऱ्याची तयारी करून ठेवतो. टिपणातील माहितीपर वाचन त्यासाठी आहे. घरी तुम्ही एवढेच करा, की तिने वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरे घेऊ नका. 'यात तुला आधी माहीत नव्हते असे काय होते?' एवढेच विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. एक शब्दात उत्तर आले तर 'म्हणजे कसे, मला नीट सांग' म्हणा.

लेखनाबद्दल मात्र एका मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत आहे. पहिल्याच दिवशी 'मी सुट्टीत काय केले' हा निबंध लिहून घेतला, आणि तुमची मुलगी चार ओळींवर अडली, असे तुम्ही लिहिले आहे. हा विषय वरवर निरुपद्रवी वाटतो, पण सर्व मुलांची सुट्टी सारखी नसते. कुणी प्रवासाला गेलेले असते, कुणाच्या घरी आजारपण असते, कुणी चौदा दिवस खिडकीशी बसून काढलेले असतात, आणि हे सगळे मोठ्याने वाचून दाखवायचे असते. त्यापेक्षा सुट्टीतील एकच अर्धा तास निवडा, त्यात काय दिसले, काय ऐकू आले, कोण काय म्हणाले, एवढेच लिहा, असे सांगितले तर घरी राहिलेल्या मुलाकडेही लिहिण्यासारखे असते आणि लेखनही सुधारते. ही सूचना तुम्ही वर्गशिक्षिकांना सौम्यपणे करू शकता. टिपणातील पुढचा भाग, म्हणजे मत मांडणारा परिच्छेद, मला आवडला. 'मला मैदानी खेळाचा तास मोठा हवा, कारण...' यातील 'कारण' नंतरची जागा भरायला आठ वर्षांच्या मुलाला बराच विचार करावा लागतो. 'कारण मला तो आवडतो' हे पहिले उत्तर असते. शिक्षिका तिथे थांबत नाहीत ना, हे पाहा.

सावली आणि ऋतू हा घटक याच महिन्यात का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण सांगायचा मोह होतो. उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला वर्षातील सर्वांत लहान दिवस असतो. त्यानंतर दिवस वाढू लागतो, पण सुरुवातीला इतका संथ की जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दुपारच्या सावलीत फरक जवळजवळ जाणवत नाही. मैदानात काठी रोवून दर आठवड्याला ठरावीक वारी, ठरावीक वेळी सावलीच्या टोकाशी खूण केली, तर फेब्रुवारीत खुणा एकमेकींपासून स्पष्ट दूर जाऊ लागतात. म्हणजे या प्रयोगात तीच कृती कंटाळा न करता पुन्हा करणे हेच विज्ञान आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून ऋतू होतात, हे स्पष्टीकरण मुलांना पुढच्या वर्गांत मिळेल. 'सूर्य दूर गेला म्हणून थंडी पडते' असे आता तिने म्हटले तर मोठी झाल्यावर तिला गंमत वाटेल अशी एक गोष्ट सांगा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर.

आता तुमच्यासमोरच्या पर्यायांविषयी.

पुढचे धडे घरी शिकवण्याचा मार्ग मला सर्वांत कमी पसंत आहे. तसे केल्याने मुलीला भागाकाराची मांडणी आठवड्याभरात येईल, हे खरे. मग वर्गात पेन्सिलींचे गट करण्याचा तास आला की 'हे मला येते' म्हणून तिचे लक्ष उडेल, आणि ज्या समजुतीवर मांडणी उभी राहायची ती समजूतच राहून जाईल. नात्यातील मुलीचा भागाकार संपला, हे तुम्ही ज्या अर्थाने लिहिले आहे त्या अर्थाने तिसरीत तो कुणाचाच संपत नाही. त्या मुलीशी तुलना करायचीच असेल तर पाने किती उलटली यावरून करू नका. दोघींना १३ पेन्सिली ३ जणांना वाटायला सांगा आणि उरलेल्या एकीचे काय करायचे यावर दोघी काय म्हणतात ते ऐका. पण खरे सांगायचे तर तेही करू नका. दोन्ही मुलींना त्याचा जाच होईल.

शिकवणीचा विचार नेमकी अडचण कळल्यानंतर करावा, त्याआधी नाही. सध्या तुमच्यासमोर एक अडचण स्पष्ट आहे, ती म्हणजे शून्य असलेल्या संख्येतून हातच्याची वजाबाकी, आणि ती घरी सुटण्यासारखी आहे. काड्यांचे दहा-दहाचे जुडगे करा, दहा जुडग्यांचा एक मोठा गठ्ठा करा. चार मोठे गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून तिला त्यातून १७८ काड्या द्यायला सांगा. गठ्ठा सोडल्याशिवाय ते जमणार नाही, हे तिचे तिलाच दिसेल. दोन-तीन संध्याकाळी, पंधरा मिनिटे, एवढे पुरे. नंतर तिला वहीतले ३७६ दाखवून विचारा की हे उत्तर आले कसे असेल. स्वतःची चूक शोधून सांगता आली की ती पुन्हा होण्याची शक्यता बरीच कमी होते.

वर्गशिक्षिकांना जरूर भेटा, मात्र 'पुन्हा तेच का शिकवता' या प्रश्नाने सुरुवात केली तर त्यांना स्वतःचा बचाव करावा लागेल आणि तुम्हाला माहिती मिळणार नाही. त्याऐवजी वही सोबत न्या आणि विचारा: सुट्टीनंतर तिच्या कामात तुम्हाला काय दिसले? या घटकात सुट्टीपूर्वी होते त्यापेक्षा वेगळे काय अपेक्षित आहे? जे तिला नीट येते त्याच्या पुढचे काम तिला वर्गात मिळते का? या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे नीट लक्ष द्या. उजळणी ज्यांना हवी त्यांच्यासाठी ती मोलाची असते, पण ज्यांना तो भाग पक्का येतो त्यांना तेच आकडे बदललेले वीस प्रश्न देणे योग्य नाही. शिक्षिकांनी 'तिच्यासाठी असे-असे ठेवले आहे' म्हणून काही दाखवले तर निश्चिंत व्हा. तसे काही नसेल आणि फेब्रुवारी उजाडूनही वहीत सुट्टीपूर्वीच्याच पातळीची गणिते दिसत राहिली, तर तुमची तक्रार रास्त आहे आणि ती मुख्याध्यापकांपर्यंत नेण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

हे वाचणाऱ्या इतर पालकांची मुले कदाचित वेगळ्या वर्गांत असतील. पहिलीत या काळात अक्षरे जोडून शब्द सलग वाचणे आणि १०० पर्यंतच्या संख्या दशक-एककात पाहणे चाललेले असते. चौथी-पाचवीत मोठ्या संख्यांचा भागाकार, सममूल्य अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक येतात. पाहण्याची रीत सगळीकडे तीच ठेवा: घटकाचे नाव सोडा आणि मुलाला विचारलेला प्रत्यक्ष प्रश्न वाचा. काळजी करावी अशी लक्षणे वेगळी आहेत. सुट्टी संपून तीन-चार आठवडे झाले तरी आधी येणारी गोष्ट परत आली नाही. तिसरीतले मूल अजून अक्षर-अक्षर लावत वाचते आणि ओळीच्या शेवटी सुरुवात विसरते. किंवा शाळेत जाण्याच्या वेळी रोज पोटात दुखते, रडू येते. यातील काहीही दिसले तर वाट पाहू नका. शिक्षकांशी बोला, दृष्टी आणि श्रवण तपासून घ्या, आणि गरज वाटल्यास शिकण्यातील अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे जा. तुमच्या पत्रात मला यांतील एकही लक्षण दिसत नाही.

राहिला प्रश्न पुढच्या सुट्टीचा. दोन आठवड्यांची सुट्टी असेल तर अभ्यासाचे वेळापत्रक करू नका. रोज काही पाने तिने मोठ्याने वाचावीत किंवा तुम्ही तिला वाचून दाखवावीत, आणि आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटांपुरती, आधी शिकलेल्या वेगवेगळ्या प्रकारची चार गणिते एकत्र द्यावीत; एक बेरजेचे, एक हातच्याच्या वजाबाकीचे, एक गुणाकाराचे आणि एक शाब्दिक. कोणते गणित कोणत्या रीतीने सोडवायचे हे तिचे तिला ठरवू द्या. बाकीचे दिवस तिचे तिला मोकळे असू द्या.